बोटभर जाडीचं पुस्तक

आत्याच्या दुकानात खुंटीला एक स्वेटर लटकतो. त्याला एकच बाही आहे. मी तिसरीत असताना तो माझ्यासाठी विणायला घेतला होता. आता ती बाही माझ्या मनगटावर फार तर हातमोज्यासारखी बसेल. तरी कुणी विचारलं की आत्या मान वर न करता सांगते, "होतंय हळूहळू."

आत्या कपडे दुरुस्त करते. पँट उंचीला कमी करणं, कोट कमरेत सैल करणं, जॅकेटची चेन बदलणं. नवीन कपडा ती शिवत नाही. नव्याला सुरुवातही आपणच करायची आणि शेवटही आपणच. त्यापेक्षा दुसऱ्याने शिवून संपवलेल्या कपड्यात मधेच शिरायचं आणि मधूनच बाहेर पडायचं, हे तिच्या स्वभावाला बरं. तिने टायपिंगचा क्लास लावला तो अर्धा झाला, पोहायला शिकली ती हात मारण्यापर्यंत, पायांचं राहिलं. आमच्या घरात एखादी गोष्ट अर्धवट राहिली की "आत्याकडे गेली" म्हणतात.

मी तिच्या दुकानावरच्या खोलीत राहतो, त्यामुळे तिच्या वाचनगटात मी आपोआप ओढला गेलो. गट चौघांचा. समोरचे चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेकाका हे गटप्रमुख, कारण गट काढायची कल्पना त्यांची आणि ते ती कुणाला विसरू देत नाहीत. शेजारच्या बेकरीकाकू, ज्या पहाटे भट्टी लावतात आणि म्हणून संध्याकाळी कुठल्याही पानावर डुलकी घेऊ शकतात. तिसरी आत्या, चौथा मी. दर रविवारी संध्याकाळी आम्ही आत्याच्या दुकानात बसायचो. एरवी त्या दुकानात येणारा माणूस कपडा घेऊन येतो आणि तक्रार ठेवून जातो. रविवारी मात्र माणसं नुसती बसायला यायची. आत्या दुपारपासूनच कापडाचे तुकडे झाडून स्टुलं पुसून ठेवायची. हे काम तिने कधी अर्धवट टाकलेलं मी पाहिलं नाही.

गल्लीच्या टोकाला असलेलं वाचनालय दर वर्षी गटांची स्पर्धा लावतं. गटाने सुरुवातीलाच दहा पुस्तकं निवडून नोंदवायची, ती नंतर बदलायची नाहीत. ग्रंथपालबाई प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारणार. गटातल्या सगळ्यांनी वाचलं असेल तरच पुस्तक मोजणार. गेल्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो. कारण सांगायला नको. सातव्या पुस्तकाच्या मध्यावर आत्याने खूण म्हणून टाचणी लावली आणि ते पुस्तक इस्त्रीच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय सरळ करायला वापरलं.

म्हणून या वर्षी चष्मेकाकांनी पहिल्याच रविवारी घसा साफ केला.

"टेलरबाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमचे मेहुणे निवृत्त झालेत. दिवसाला एक पुस्तक संपवतात. त्यांना गटात यायचंय."

"या म्हणावं. पाचवं स्टूल आहे."

"गट चौघांचाच असतो."

आत्याने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा दोनदा चुकला.

"शेवटची संधी देऊ," बेकरीकाकू म्हणाल्या. "ताईंनाच निवडू द्या ना पुस्तकं. स्वतःला झेपतील अशी लहान लहान निवडतील."

चष्मेकाकांनी ते मान्य केलं, पण अट घातली. एक जरी पुस्तक आत्याने अर्धवट टाकलं, तर तिची जागा मेहुण्यांना. आणि बैठकही मग चष्म्याच्या दुकानात, कारण तिथे खुर्च्यांना पाठ आहे.

वाचनालयात आत्या गेली ती कापडबाजारात गेल्यासारखी. पुस्तकाचं नाव नाही बघितलं, लेखक नाही, मागचा मजकूर नाही. कपाटातून पुस्तक काढायचं, अंगठा आणि तर्जनीत धरायचं, दाबायचं, सोडायचं. "हे जाड आहे. हे चालेल. हे तर अस्तरच." एका बोटापेक्षा जाड ते परत कपाटात. मी म्हटलं, "आत्या, उघडून तरी बघ." ती म्हणाली, "तीस वर्षं कापड हाताने ओळखतेय, मला नको शिकवू." दहा पुस्तकं निवडून झाली आणि नोंद झाली. दहावं निळं, छान कापडी बांधणीचं, एक बोट म्हणजे एकच बोट.

नऊ पुस्तकं खरोखर लहान निघाली. आत्याने ती संपवली. कशीबशी, एकेक टाचणी पुढे सरकवत, पण संपवली. एका पुस्तकाचं शेवटचं पान तर तिने चष्मेकाकांच्या देखत वाचलं, गुरुजींसमोर पाढे म्हणतात तसं. मेहुणे अधूनमधून रस्त्यावरून जाताना दुकानात डोकावत. नमस्कार करत आणि स्टुलाकडे बघत.

मग महिनाभर उरला आणि आम्ही निळं पुस्तक आणलं. चष्मेकाकांनी ते उघडलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशातलं भिंग काढलं. कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होता आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. पानं सहाशेच्या पुढे.

"टेलरबाई, हे पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवायला हवं. गिऱ्हाईक दुप्पट होईल."

"पण बोटभरच आहे," आत्या म्हणाली.

"रेशीमसुद्धा मुठीत मावतं, ताई," बेकरीकाकू हळूच म्हणाल्या. "उलगडलं की समजतं."

अडचण दुहेरी होती. पुस्तक अवाढव्य, आणि प्रत एकच. चौघांनी एकामागून एक वाचायचं म्हणजे पुढची स्पर्धा उजाडली असती. आत्याने पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, कण्याकडून आत डोकावली. तिचा चेहरा एकदम कामाचा झाला.

"शिवलेलं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चिकटवलेलं नाही. पानांच्या जुड्या करून शिवलंय. उसवते. चार भाग करते, एकेकाने एकेक घ्या, रविवारी बदला. शेवटी परत शिवून देते."

"वाचनालयाचं पुस्तक आहे ते," चष्मेकाका म्हणाले.

"कोट काय माझा असतो?"

काकांनी पुस्तकाकडे हात नेईपर्यंत तिची उसवायची कात्री दोन टाके आत गेली होती.

पहिला भाग गटप्रमुख म्हणून काकांनी घेतला. दुसरा मला, तिसरा बेकरीकाकूंना. आत्याच्या वाट्याला शेवट आला. काका खाली वाकून माझ्या कानात म्हणाले, "बरंच झालं. शेवट वाचला की सोडायला मोकळ्या."

कादंबरी एका खेड्यातल्या दोन भावांची होती. वाटणी होते, अंगणात भिंत येते, आणि एक घोडा असतो, तो भिंतीच्या कुठल्या बाजूचा यावर सगळं पुस्तक. पुढच्या रविवारी दुकानात जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. माझ्या भागात घोडा तरणाबांड होता आणि भाऊ एकमेकांशी बोलत होते. बेकरीकाकूंच्या भागात तो लंगडत होता आणि भाऊ वकिलांमार्फत बोलत होते. काकू मला विचारत, "पण हा लंगडा झाला कसा?" मी विचारायचो, "लंगडा झाला?" आणि चष्मेकाका दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणायचे, "कुणी पुढचं सांगायचं नाही. मी क्रमाने वाचणारा माणूस आहे."

काकांचा जीव त्या घोड्यात अडकला होता. त्यांच्या भागात तो शिंगरू होता. दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला बसायचं आणि काका अक्षरांचा तक्ता दाखवता दाखवता शिंगराने दूध कसं सांडलं ते सांगायचे.

"टेलरबाई, तुमच्याकडे शेवट आहे," ते एकदा रस्ता ओलांडून मुद्दाम येऊन म्हणाले. "सांगू नका. फक्त एवढंच, घोडा बरा आहे ना?"

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या. सगळ्या संपल्या, मग म्हणाली, "आहे. शांत आहे अगदी."

काका समाधानाने परत गेले. मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तुझं काम कर."

मग मजा अशी झाली की जी सोडून देणार म्हणून सगळे वाट बघत होते, ती आत्या सोडेना. शेवटचा भाग संपवून तिने तिसरा घेतला, मग दुसरा. भागाच्या आतही ती प्रकरणं मागून पुढे वाचायची. मी विचारलं तर म्हणाली, "कपडा आधी उलटाच करून बघतात. शिवण आतून दिसते." गिऱ्हाइकं काउंटरवर खोकत, ती बोट वर करून थांबवे. एका गृहस्थांची पँट तिने दोन्ही पायांना वेगवेगळी आखूड केली आणि त्यांनाच म्हणाली, तुम्ही उभे नीट राहिला नव्हतात.

शेवटच्या आठवड्यात तिच्याकडे पहिला भाग आला आणि काकांकडे शेवटचा. आणि तेव्हाच आत्याची टाचणी थांबली.

बुधवारी ती पहिल्या प्रकरणाच्या, म्हणजे तिच्या हिशोबाने सगळ्यात शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी होती. गुरुवारी तिथेच. शुक्रवारी तिथेच. पंधरावीस पानं उरलेली. मी वरून उतरताना मुद्दाम बघायचो. बेकरीकाकू पाव देण्याच्या निमित्ताने बघून जायच्या. मेहुणे तर उघडच आत येऊन बघून गेले आणि जाताना स्टूल हलवून पाहिलं.

"आत्या, पंधरा पानं आहेत. डोळे मिटून होतील," मी म्हटलं.

"होतंय हळूहळू."

ते शब्द ऐकले आणि मी समजलो. स्वेटरच्या शेजारी आता आमचा गटही लटकणार.

शनिवारी तिने चारही भाग एकत्र केले आणि शिवायला बसली. एवढं घट्ट आणि एवढं सरळ शिवलेलं मी तिच्या हातून आधी पाहिलं नव्हतं. दुपारी काका आले. त्यांचा शेवटचा भाग त्यांनी त्याच सकाळी आणून दिला होता. आता ते काउंटरपाशी उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," आत्या म्हणाली.

"महिनाभर. मी तुम्हाला शिंगराच्या गोष्टी सांगत होतो, आणि तुम्हाला माहीत होतं."

"तुम्ही सांगत होता म्हणून तर पुढे वाचलं. म्हणजे मागे. मेलेला बघितला आधी, मग म्हातारा, मग लंगडा, मग धावणारा. चांगलं चाललं होतं त्याचं. एकदा जन्मला की झालं, मग कुठे जायचं?"

काकांनी नाक शिंकरलं आणि चष्मा पुसला. धंद्याची सवय.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी आम्हाला एका ओळीत बसवलं. बेकरीकाकूंनी बरोबर उत्तर दिलं आणि लगेच पेंगल्या. माझं झालं. काकांना बाईंनी घोड्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं खरं, पण खिडकीकडे बघून. मग बाई आत्याकडे वळल्या. गेल्या वर्षीची टाचणी त्यांच्या बोटाला लागली होती.

"शेवट कुणीही चाळून सांगतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सुरुवात सांगा."

मी जमिनीकडे बघितलं. दारात मेहुणे उभे होते. नवीन शर्ट घालून आले होते.

"सुरुवात वाचलेली नाही," आत्या म्हणाली. "बाकी सगळं विचारा. ती राखून ठेवलीय."

"राखून म्हणजे?"

"वाचली की संपेल."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "अजून बंद व्हायला वेळ आहे. पण आत्ता नाही वाचलीत, तर पुस्तक मोजता येणार नाही."

आत्याने एकदा दाराकडे बघितलं. तेवढ्यात चष्मेकाका उठले. मला वाटलं मेहुण्यांना आत बोलावणार. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, आत्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "वाचा. तो उभा कसा राहतो ते तुम्ही अजून बघितलेलं नाही. पाय बघा त्याचे. चारही चार दिशांना जातात."

आत्याने पुस्तक उघडलं. पंधरा पानं वाचायला तिने जो वेळ घेतला त्यात बेकरीकाकूंची झोप झाली, मेहुणे तीन वेळा बसले आणि उठले, आणि एका मासिकातलं कोडं त्यांनी सोडवून टाकलं, दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेलं. एका पानावर आत्या हसली. काका तिथूनच म्हणाले, "दूध सांडलं का?" ती म्हणाली, "सांडलं."

मग तिने पुस्तक मिटलं.

"राहिला उभा," ती म्हणाली.

ग्रंथपालबाईंनी दहावं पुस्तक मोजलं. मग ते हातात घेतलं, कणा बघितला, दोऱ्याला नखाने ओढून पाहिलं. दोरा निळा होता. आत्याला पुस्तकाच्या कापडाशी मेळ साधल्याशिवाय राहवलं नव्हतं.

"हे कुणी शिवलंय?"

आम्ही चौघांनीही छताकडे बघितलं. पण बोटावर शिंप्याचं अंगुस्तान चढवलेला माणूस ओळीत एकच होता.

आम्ही स्पर्धा जिंकलो नाही. जिंकला तो औषधाच्या दुकानवाल्यांचा गट. त्यांनी दहाही चित्रांची पुस्तकं निवडली होती. मेहुण्यांनी आपला वेगळा गट काढला, त्यात सध्या ते एकटेच आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. आमची बैठक अजून आत्याच्याच दुकानात भरते. चष्मेकाकांनी फक्त एक खुर्ची आणून ठेवली आहे, पाठ असलेली, स्वतःपुरती.

शिक्षा म्हणून ग्रंथपालबाईंनी आत्याकडे खिळखिळ्या झालेल्या पुस्तकांचं एक गाठोडं पाठवलं, सगळी शिवून द्या म्हणून. त्यातली काही शिवून झालीत, काही उसवून पडली आहेत, आणि एकाच्या मध्यावर टाचणी आहे. परवा बाई स्वतः दुकानात विचारायला आल्या. आत्याने स्वेटरच्या खाली ठेवलेल्या गाठोड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आठवड्याभरात देते," ती म्हणाली.