लिप्पोची बायको

बेल्लाफ्लोरा इटलीतल्या गुब्बिओ गावच्या बंधुमंडळाचे झगे धुवायची. दर शुक्रवारी मंडळातले पुरुष तोंडावर कापड ओढून घेत आणि पापं फिटावीत म्हणून स्वतःच्याच पाठीवर कोरडे ओढत. शनिवारी ते रक्ताळलेले झगे तिच्या दारात येऊन पडायचे. बायकांना आत मज्जाव होता. त्यांनी झगे शिवावेत, धुवावेत आणि दाराबाहेर उभं राहून प्रार्थना ऐकावी. बदल्यात त्यांची वहीत नोंद व्हायची आणि मेल्यावर, सर्व मृतांच्या दिवशी, नाव वाचून सगळं मंडळ त्या जिवासाठी गुडघे टेकायचं. एवढ्यासाठी तिनं तीस वर्षं राखेच्या पाण्यात हात झिजवले होते.

झाकल्या तोंडांमुळे कोण कुठला ते कुणाला कळत नसे. हिला मात्र प्रत्येकाची पाठ पाठ होती. मंडळाच्या प्रमुखांच्या झग्यावर रक्तापेक्षा दारूचेच डाग जास्त, हेही तिला ठाऊक होतं. हिवाळ्यात तिची लेक नुता पहिल्याच बाळंतपणात गेली, तिच्याबरोबर मूलही गेलं. त्या आठवड्यात जावयाचा, लिप्पोचा, झगा नुसता रक्तानं भिजून आला. बेल्लाफ्लोरानं तो छातीशी धरला आणि जावयाचं सगळं मागचं माफ करून टाकलं. चौथ्या शनिवारी झगा कोरा आला. सुगीच्या आत लिप्पोनं दुसरी बायको, जेम्मा, घरात आणली.

मृतांचा दिवस आठवड्यावर आला तशी बेल्लाफ्लोरा वही सांभाळणाऱ्या अक्कोर्सोकडे गेली.

"माझ्या नुताचं नाव काढून ठेवलंत ना?"

त्यानं पानं उलटली. "नुता? अशी कुणी नाही हो मावशी."

"अहो, लग्नाच्या वेळी माझ्यासमोर लिहिलंत की! ही बघा, हीच ओळ."

"ही होय? इथं 'लिप्पोची बायको' लिहिलंय. पण ती कुठं मेलीय? काल बाजारात कांदे निवडत होती!"

"ती दुसरी हो!"

"वहीत पहिली-दुसरी नसते, मावशी. लिप्पोला बायको आहे ना? झालं तर मग."

बेल्लाफ्लोराला अक्षरओळख नव्हती. इतकी वर्षं त्या ओळीलाच ती नुता समजत आली होती. घरी येऊन ती टबाशी बसली आणि ढसाढसा रडली. लिप्पोचा झगा घेऊन आलेली जेम्मा दारातच थबकली. जेमतेम अठराची पोर. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "मला काय करायचीय ती ओळ? तुमच्या लेकीची आहे, तिलाच राहू दे."

ती तडक अक्कोर्सोकडे गेली. त्यानं बजावलं, "बघ हं पोरी, लिप्पोची बायको एकदा मेली की मेली. परत लिहायला मी नाही."

"मेली तर मेली. वाचा तुम्ही."

मृतांच्या दिवशी बायका चर्चच्या दाराशी दाटीनं उभ्या होत्या. आत पुरुषांची नावं वाचली गेली, बापाच्या नावासकट, धंद्यासकट. मग अक्कोर्सो खाकरला.

"लिप्पोची बायको."

साऱ्या बायकांनी वळून जेम्माकडे पाहिलं. दोघी-तिघींनी छातीवर क्रूस काढला, एक म्हातारी तर तिच्यापासून लांब सरकली. जेम्मा हसायला गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात पोटावर गेला. तेव्हा कुठं बेल्लाफ्लोराच्या ध्यानात आलं, की पोरीला दिवस गेलेत.

"मावशी," जेम्मा कुजबुजली, "मला काही होणार नाही ना?"

"गप. काहीतरीच बोलू नकोस." बेल्लाफ्लोरानं तिचा गार हात घट्ट धरला आणि तिथंच गुडघे टेकले. देवा, हिला सांभाळ. जेम्माला सांभाळ, तिच्या बाळाला सांभाळ. प्रार्थना संपली, मेणबत्त्या विझल्या, तरी ती तेच म्हणत होती.

नुताचं नाव त्या दिवशी कुणीच घेतलं नाही. आईनंसुद्धा नाही.