सहावा बोल्ट

गॅरेजच्या पाटीवर नाव थोरल्याचं होतं, पण गिऱ्हाईक दारात आलं की विचारायचं, "ताई आहेत का?" तेवढं ऐकलं की थोरला हातातला पाना आपटायचा. तीस वर्षं त्याने ह्याच शेडमध्ये हात काळे केले होते. धाकटी बहीण आली ती लेथच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर, अवघ्या चार वर्षांपूर्वी. आणि बाबा अंथरुणाला खिळायच्या आधी सगळ्यांना सांगत सुटले होते, "हिच्या बोटांना कळतं." थोरल्याच्या बोटांबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नव्हते.

निवृत्त मास्तरीणबाईंची साठ वर्षांची मोटार आली, ती धाकटीकडेच. पुढची चाकं तोलून धरणारे लोखंडी दांडे उतरवायचे होते, पण त्यांचे सहाही बोल्ट गंजून आतल्या नळ्यांना घट्ट धरून बसले होते. धाकटीला घाई नव्हती. रोज सकाळी ती ब्रशने गंज खरवडायची, तेल सोडायची, हातोडीने हलके ठोके द्यायची आणि दुसऱ्या गाडीकडे वळायची.

"न्हाऊमाखू घालणार आहेस का त्यांना?" थोरला म्हणाला.

"दादा, आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. आतला गंज तुटतो."

"आता तू मला शिकवणार!"

चौथ्या दिवशी पाच बोल्ट निघाले. दर बोल्टला आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"किती गुणी आहे हो तुमची बहीण!" मास्तरीणबाई म्हणाल्या. तो हसला, पण नुसत्या दातांनी.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाबांची औषधं आणायला गेली. मास्तरीणबाई स्टुलावर बसून होत्या. थोरल्याने सहाव्या बोल्टला पाना लावला, जोर वाढावा म्हणून पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला.

"ताई येऊ देत की," बाई म्हणाल्या.

ते मात्र त्याला मिरचीसारखं झोंबलं. त्याने सगळा भार टाकून पाइप ओढला. फाडकन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं मोडून फरशीवर घरंगळलं.

"अगंबाई! काय झालं?"

"तिनंच ठोकून ठोकून कमजोर केला होता," तो म्हणून गेला.

धाकटी औषधांची पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिने पाइपकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "बाई, अजून दोन दिवस लागतील," एवढंच म्हणाली.

दोन दिवस ती गाडीखाली उताणी पडून करवतीच्या पात्याने तो बोल्ट कापत होती. बोटांची सालटी निघाली. थोरल्याचं कशात लक्ष लागेना. शेवटी तोच भडकला, "शिव्या तरी दे!"

"काय देऊ? बाबा वरच्या खोलीत पडून आहेत. त्यांना सगळं ऐकू जातं."

भांडण टाळण्यातही हीच शहाणी! त्याला ते सर्वात जास्त लागलं.

गाडी तयार झाली. मास्तरीणबाई किल्ली घ्यायला आल्या तेव्हा थोरला मान खाली घालून म्हणाला, "बाई, तो बोल्ट मी मोडला. तिची चूक नव्हती."

"अहो, मी इथंच बसले होते ना," बाई म्हणाल्या. मग धाकटीला म्हणाल्या, "चल गं, एक चक्कर मारून येऊ."

"दादा, तूही चल," धाकटीने खिडकीतून हाक मारली.

"मला काम आहे," तो म्हणाला. काम काहीच नव्हतं.

गाडी गेल्यावर तो बाबांना पाणी द्यायला वर गेला.

"जमलं का तिला?" बाबांनी विचारलं.

"जमलं. फार नीट केलं तिनं."

बाबांचा चेहरा फुलला. ते बघून थोरल्याची पुन्हा जळजळ झाली. तरी त्याने त्यांच्या मानेखाली हात घातला, पेला ओठांशी धरला आणि ती गाडी कशी जड होती, बोल्ट कसे अडले होते, ते सगळं बहिणीचं नाव घेऊन सांगायला बसला.