झडप धरणारा

बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या कारखान्यात यल्लाप्पाने चौतीस वर्षं यंत्रांसाठी लाकडी खोकी बनवली. निवृत्त झाल्यावर के. आर. पुरमच्या खोलीत गुडघे चोळत बसायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण बसवनगुडीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या केतकीने त्याला शोधून काढलं.

चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये नाटकं कशी होत, यावर तिचा प्रबंध होता. मंचाच्या जमिनीत एक झडप असे, तिच्यातून भूत वर येई. भुताचा नट एकट्याने झडप उघडून, मंचावरच्या नटांच्या चार ओळी म्हणून होईपर्यंत वर येत असे, असं तिने लिहून टाकलं होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि हे खरं होतं का, ते तिला एकदा लाकडात बघायचं होतं.

शुक्रवारी यल्लाप्पाने कॉलेजात तसा मंच ठोकून उभा केला. केतकीने मोबाइलवर त्या नाटकातल्या ओळी लावल्या. यल्लाप्पा वाकून खाली शिरला. कडी सरकवली, खांद्याने झडप उचलली, आवाज न करता मागे टेकवली, शिडी चढला. नऊ ओळी झाल्या. दुसऱ्यांदाही नऊ. कारखान्यात तीनदा मोजल्याशिवाय माप मानत नसत, म्हणून तो परत उतरला. दहा.

झडप पातळ केली तर, असं केतकीने विचारलं. वर उभा राहणारा खाली जाईल, तो म्हणाला. मग हातातून सोडून दिली तर? तर चार ओळींत होईल, पण भुताआधी झडपच ऐकू येईल.

"अक्का, तुमच्या नटाला गुडघे नव्हते काय?"

यल्लाप्पाने झडपेखालच्या अंधाराकडे बोट केलं.

"खाली दुसरा माणूस असणार. झडप धरायला."

"जुन्या कागदांत असा माणूस कुठंच नाही, अण्णा."

"झडप धरणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवतंय?"

केतकी मंचाच्या काठावर बसली. प्रबंधातलं अख्खं प्रकरण त्या एकट्या नटावर उभं होतं. मग तिने ओढणी कमरेला बांधली, ओळी पुन्हा लावल्या आणि त्याच्यामागे खाली शिरली. झडप तिने पेलली, तो चढला. वर आला तेव्हा चौथी ओळ संपत होती.

खालून तिचा आवाज आला. केवढी जड आहे ही झडप, म्हणाली. दोन दिवसांत सगळं नव्याने लिहावं लागणार, असंही म्हणाली. मग विचारलं, "झालं ना, अण्णा?"

"एकदाच झालंय," यल्लाप्पा म्हणाला. "अजून दोनदा."

आणि शिडी धरून, एकेका गुडघ्याची समजूत काढत, तो परत खाली उतरला.