काडेपेटीतला बल्ब

आधीच सांगून टाकतो – भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस मी. देवासच्या एका कारखान्यात उभी हयात मेंटेनन्समध्ये गेली. मशीन बंद पडलं की कारण असतंच. सापडलं नाही म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाही... हे माझं ठरलेलं वाक्य. बायको, मेधा, अजून त्यावरून मला चिडवते.

२००६-०७ चा हिवाळा असेल. आमच्या सेकंडहँड गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला. मिस्त्रीनं निदान केलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. हा धुराच्या पाइपात बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो, त्यावरून इंजिनला पेट्रोल मिळतं. जुना सेन्सर गंजून बसलेला, खोलता खोलता तुटला. नवा इंदूरहून यायला चार दिवस, आणि परवा धारला भाच्याची मुंज!

"भिया, टेंशन मत लो," मिस्त्री म्हणाला. "छेद में बोल्ट कस देता हूँ. गाड़ी तो दौड़ेगी."

दौडली. पण तो दिवा काही विझेना, आणि मला तो डोळ्यांसमोर खपेना. मग मीच डॅशबोर्ड खोलला, दिव्याचा बल्ब काढला आणि रिकाम्या काडेपेटीत घालून घरी टीव्हीवर ठेवून दिला. कारखान्यात कुणी अलार्म बंद करून मशीन चालवलं, तर मी त्याची खरडपट्टी काढायचो. इथे स्वतः तेच केलं, आणि मेधाला सांगितलंसुद्धा नाही.

मुंजीच्या दिवशी सकाळी सातला निघालो. मागच्या सीटवर आमची सहा वर्षांची ऋता शाल पांघरून आडवी. दाट धुकं, काचा बंद, हीटर चालू. इंदूर मागे पडलं, बेटमा गेलं. मेधाचं डोकं दुखायला लागलं.

"चहा न घेता निघालीस, दुसरं काय," मी म्हणालो. माझंही जड झालं होतं, पण कबूल कोण करणार!

घाटाबिल्लोदच्या अलीकडे मेधानं विचारलं, "अहो, हा पिवळा दिवा कसला लागलाय?"

मी बघितलं. इंजिनचा दिवा... लख्ख पेटलेला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एका चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली, आणि दिवा विझला.

उतरून बॉनेट उघडलं. आत बघतो तो बोल्ट गळून पडलेला. त्या भोकातून धूर फसफसत होता आणि हीटरच्या वाटेनं सरळ गाडीत जात होता. सेन्सर नाही, म्हणजे पेट्रोलही जास्त जळत होतं, म्हणजे धूर अधिकच विषारी. हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि मी मागच्या दाराकडे धावलो.

ऋता उठेना. हलवलं, हाका मारल्या... मान नुसती कलंडत होती. मेधाची किंकाळी ऐकून टपरीवाला पळत आला. "छोरी को खुली हवा में लिटाओ, भिया! जल्दी!"

तिला बाकावर ठेवलं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. आयुष्यात इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. मग ती खोकली, ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मीही तिथेच, सगळ्यांदेखत रडलो.

गाडी तिथेच सोडून मिळाली त्या जीपनं धार गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला दिवसभर ऑक्सिजनवर ठेवलं. म्हणाले, "आणखी दहा मिनिटं गाडी चालली असती, तर..."

घरी आल्यावर आधी टीव्हीकडे गेलो. काडेपेटी होती, आत बल्ब होता. मागाहून ओढून आणलेल्या गाडीचा डॅशबोर्ड खोलला. बल्बची जागा रिकामी, नुसती धूळ.

विषारी वायूनं भास होतात, मान्य. पण दिवा आधी मेधाला दिसला, आणि तिला तर बल्बचं काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शोधतोय, कारण सापडलेलं नाही. आणि 'नीट शोधलं नाही' असं म्हणायची आता हिंमत होत नाही.

नवा सेन्सर बसला, बल्बही मी परत लावला. आता ऋता स्वतः गाडी चालवते. किल्ली फिरवली की तो पिवळा दिवा घडीभर लागतो, मग विझतो. तेवढा वेळ मी शेजारच्या सीटवर हात जोडून बसतो.

"बाबा, तो नुसता सेल्फ-चेक असतो," ती हसते.

मला माहीत आहे. मीच तिला शिकवलंय. तरी दिवा विझेपर्यंत हात सुटत नाहीत.