काकींच्या बरणीतल्या गोगलगायी

चाळीत आमच्या मजल्यावर शेजारच्या काकींच्या दारात काचेच्या सात बरण्या होत्या आणि त्यात लोणचं नव्हतं, गोगलगायी होत्या, पाण्यातल्या, नखाएवढ्या. मी लग्न होऊन करी रोडला आले तर पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "ये गो सूनबाई, बघ, लगीन लागलंय!" मी वाकून बघितलं तर एकीच्या पाठीवर दुसरी चढलेली. मला इतकी लाज वाटली की मी आत पळाले.

काकी परळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली भांडी धुवायच्या. शिक्षण चौथी, माझ्याहून कमी, पण धुता धुता सर पोरांना काय शिकवतात ते सगळं ऐकलेलं. रिटायर झाल्या तेव्हा सरांनी विचारलं काय देऊ, तर काकींनी गोगलगायी मागितल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं, मूलबाळ नाही. सकाळी पालक निवडला की चार पानं बरण्यांत टाकायच्या आणि पाटावर बसून बघत राहायच्या. मला सांगायच्या, "हिच्यात नर पण आहे, मादी पण आहे. आता वरची नर झालीय, खालची मादी. थोड्या वेळाने उतरेल, मग खालची वर जाईल. भांडण नाय, काय नाय." मध्येच खालची शंख जोरात हलवायची, तर ह्या हसायच्या, "बघ, नको म्हणतेय! झटकून टाकतेय मेलीला." एका बरणीत एकटीच होती एक, तिनेपण काचेला अंडी चिकटवली. "उशिरा घातली, पण घातली," काकी म्हणाल्या आणि तिला एक पान जास्त घातलं.

मग माझं बाळ झालं. सिस्टरने गुंडाळून दिलं पण मुलगा की मुलगी ते बोललीच नाही. डॉक्टर आले, परत बघितलं, म्हणाले आत्ता नक्की सांगता येत नाही, तपासण्या करू. सासूबाई म्हणाल्या, "मुलगा सांगायचं सगळ्यांना," आणि ह्यांनी नुसती मान खाली घातली. मी फक्त काकींना सांगितलं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

चाळीत सगळे विचारणार, पेढे की बर्फी? मुलगा असला तर पेढे, मुलगी असली तर बर्फी. सासूबाई पेढे आणायला निघणार त्याच्या आत काकीच बॉक्स घेऊन आल्या, अर्धे पेढे, अर्धी बर्फी, आणि प्रत्येक दारात दोन्ही देत सुटल्या. त्यांना वाटलं, खोटंपण बोलायला नको आणि तोंडपण गोड होईल. पण चाळ काय खुळी आहे? संध्याकाळपर्यंत मजल्याला कळलं. बायका बाळ बघायला म्हणून यायच्या आणि दुपट्याला हात घालायच्या. मी काकींच्या दारात जाऊन ओरडले, "तुम्हाला स्वतःचं मूल नाही, म्हणून माझ्या बाळाचा तमाशा केलात!"

"चुकलं गो माझं," एवढंच म्हणाल्या. मी मात्र माझ्या बोलण्याची माफी कधी मागितली नाही. आज मागू उद्या मागू करत राहिलं.

तपासणीच्या दिवशी ह्यांना ड्युटी, सासूबाई म्हणाल्या, "कापून काय ते एकच करून टाका म्हणावं." मी बाळ घेऊन जिना उतरले तर खाली काकी इस्त्रीची साडी नेसून उभ्या. "माझ्याशी बोलू नको, पण चल." डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं, "जीवाला काय धोका आहे ते आधी सांगा." डॉक्टर म्हणाले, अंगात एक गोष्ट कमी बनते, त्याचं औषध रोज लागेल, एक दिवस चुकवायचं नाही. ऑपरेशनची घाई नाही.

येताना टॅक्सीत मीच बोलले, "काकी, तुमच्या गोगलगायीसारखं आहे का हो हे?"

अशा चिडल्या! "बाळ काय गोगलगाय आहे? तिचं ते तसंच असतं. ह्याचं काय ते हे मोठं झालं की सांगेल. तू औषध चुकवू नको आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करू नको."

बाळ अडीच वर्षांचं झालं. रोज सकाळी काकींचं दार वाजवायचं, आत जायचं. मग सासूबाईंनी दुसरा डॉक्टर शोधला, ऑपरेशन करतो म्हणणारा. आम्ही निघणार त्याच सकाळी काकी गेल्या, झोपेतच. मी म्हटलं आज नको, तर सासूबाई म्हणाल्या, "तारीख परत मिळणार नाही." मी गेले. ह्यांनी सही केली, मग पेन माझ्याकडे आलं. मी विचारलं, नाही केलं तर जीवाला काही आहे का? डॉक्टर म्हणाले, "तसं नाही, पण लोक काय म्हणतील." मी म्हटलं मग नको. दोनदा म्हणावं लागलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद उचलून स्वतःच्या खिशात घातला. सासूबाई तरातरा पुढे जाऊन टॅक्सीत बसल्या.

आम्ही येईपर्यंत काकींना नेलं होतं. त्यांच्यासाठी थांबायला होतं कोण. गॅलरी धुतलेली, दाराला कडी. बाळ माझ्या हातातून सुटलं आणि दोन्ही हातांनी दार वाजवायला लागलं. मी त्याला उचलायला पाहिजे होतं, पण नाही उचललं. मलापण वाटत होतं, उघडतील.