शेवटचा फर्मा

"एकच ट्रंक. तीत मावेल तेवढंच न्यायचं," सेक्रेटरी म्हणाले.

गावात प्लेग आला होता. महाराजांच्या हुकमानं पेठा रिकाम्या होत होत्या. जोतिबाच्या वाटेवरच्या माळावर झोपड्यांचा कॅम्प पडला होता. मी लायब्रेरियन. लोक दिवसभर तिथं बसून करणार काय, म्हणून थोडी पुस्तकं न्यायची असं कमिटीत ठरलं. सेक्रेटरी म्हणाले पोथ्या न्या. मी म्हणालो कादंबऱ्या.

सेक्रेटरी म्हणजे रिटायर्ड मुन्सफ. आपण कादंबरी हातात धरत नाही, हे ते छाती पुढं काढून सांगत.

"न्या. तुमच्या आवडीच्या निवडा. पण लोकांनी पाठ फिरवली तर कादंबऱ्यांचं अख्खं कपाट रद्दीत जाईल. कबूल?"

"कबूल," मी म्हणून बसलो. ते कपाट मी एकेक पुस्तक जमवून भरलं होतं.

आवडत्या कादंबऱ्या निवडणं सोपं वाटतं. एकदा निवडून बघा. चारचौघांत ज्यांची मी तारीफ करायचो, त्यांतल्या निम्म्या मला पुन्हा वाचायच्याच नव्हत्या. शेवटी ज्या सारख्या वाचल्या होत्या, त्या ट्रंकेत भरल्या. पाठच होत्या, म्हणून उघडूनही बघितल्या नाहीत. तिथंच माती खाल्ली.

कॅम्पात वाचता येणारे थोडे. म्हणून उन्हं कलली की मी मोठ्यानं वाचायचो. आधी चारदोन म्हातारे आले, मग माळ भरायला लागला. हौसाबाई सगळ्यांच्या पुढं बसायची. तिची लेक प्लेगच्या दवाखान्यात होती आणि आईला आत सोडत नव्हते.

कादंबरी संपायच्या दिवशी नेमके सेक्रेटरी आले. घोंगड्यावर टेकले. गोष्टीतली पोरगी सासरच्या जाचाला कंटाळून नदीच्या काठावर उभी होती. मी पान उलटलं, तर पुढं नुसता पुठ्ठा.

पुस्तक फर्म्यांचं असतं. फर्मा म्हणजे एकच मोठा कागद घडी घालून केलेली सोळा पानं. पुस्तक फार हाताळलं की शिवण सैल होते आणि शेवटचा फर्मा आधी गळतो. म्हणजे जे पुस्तक जास्त आवडीचं, त्याचाच शेवट नाहीसा.

"म्होरं?" हौसाबाई म्हणाली.

"पानं गळालीत."

शेजारच्या झोपडीतले दादू पाटील उखडले. "गळाल्यात म्हंजी? इतकं दीस बसवून ठेवलासा, आन् आता पानं न्हाईत व्हय?"

सेक्रेटरी माझ्याकडं बघत होते. गेलं कपाट, मी मनात म्हटलं.

शेवट मला तोंडपाठ होता. पोरगी बुडते. सांगायला तोंड उघडलं आणि हौसाबाई दिसली. पदर मुठीत आवळून बसली होती. माझी जीभच रेटेना.

"नावाड्यानं हाक मारली," मी म्हणालो. "ती थांबली. त्यानं तिला माहेरी पोचवलं."

"बरं झालं बाई," हौसाबाई म्हणाली. "कोन तरी हाक मारनारं भेटलं की."

पाटील म्हणाले, "आता दुसरी काडा."

सेक्रेटरी उठले. मी त्यांना वाटेपर्यंत पोचवायला गेलो.

"शेवट तसा नाही," ते म्हणाले. "ती बुडते. शाल काठावर सापडते."

मी थांबलोच. "पण साहेब, तुम्ही तर कादंबरी हातात—"

"दोनदा वाचलीय. आमच्या घरी बोलू नका."

"आणि कपाट?"

"राहू द्या जागेवर. तुम्ही सांगितलात तोच शेवट बरा."

माझा जीव भांड्यात पडला.

प्लेग ओसरला, गाव परत भरलं. हौसाबाईची लेक वाळून काटकी झाली होती, पण स्वतःच्या पायांनी चालत घरी आली. तो शेवटचा फर्मा पुण्याहून मागवता आला असता. मी मागवला नाही. सेक्रेटरींनीही कधी विचारलं नाही.

नव्या लायब्रेरियनला मी एवढंच सांगतो. आपलं आवडतं पुस्तक दुसऱ्याला द्यायच्या आधी मागचा पुठ्ठा उघडून बघावा.