जपानहून आलेल्या कागदाला कुंकू

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात एक प्रकरण झालं.

माझी मुलगी जपानमध्ये नोकरी करते. तिथे ती एका वृद्ध झेन साधूंकडे अक्षरं गिरवायला जाते. त्यांनी स्वतः लिहून दिलेली, भिंतीवर टांगायची गुंडाळी तिने सांभाळायला कळंबला आमच्याकडे पाठवली. रेशमी काठ, मध्ये पांढरा कागद आणि त्यावर एकच काळंभोर अक्षर. अर्थ, 'काही नाही'.

"काही नाही हे लिवाले एवढा मोठा कागद?" सासूबाई म्हणाल्या.

मी गुंडाळी टांगून चहा ठेवायला गेले. परत येऊन पाहते तर कागदावर कुंकवाचं ओलं बोट!

"आई, हे काय केलं?" माझा आवाज चढलाच.

"काहून वं? नवी वस्तू घरात आली तं कुंकू लावाले नको? अन् त्यायनंही लावलंच आहे नं, थे खाली पाह्य."

खाली साधूंचा लाल शिक्का होता.

मी घाबरतच मुलीला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन कागदाच्या अगदी जवळ धरायला सांगितला. "पुसू नका, कागद फाटेल," म्हणाली. मग हळूच, "आजी, बरं झालं, अक्षरावर नाही लावलंस." तिला वाईट वाटलं होतं, ते कळत होतं.

आमच्या फ्रिजला, स्कूटीला, मुलीच्या पहिल्या लॅपटॉपलाही सासूबाईंनी असंच कुंकू लावलं होतं. तेव्हा मी कौतुकाने फोटो काढले होते. आज माझा आवाज चढला तो कागद खराब झाला म्हणून, की तो जपानहून आला म्हणून? दुपारपासून विचार करतेय. तुम्ही काय म्हणाला असतात?